जुने इंजिन उघडण्यापूर्वी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना होती. परंतु शिक्षणाविषयी बोलणारे वक्ते माझ्यानंतर आहेत, आणि ते वयाने व अनुभवाने माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत. म्हणून समोर बसलेल्या मंडळींकडे पाहून मी विषय निवडला. येथे आलेल्या पुष्कळ घरांतील चूल पेटते ती लाँचेच्या कमाईवर. ज्या घरची लाँच धक्क्याला बांधून पडते, त्या घरातील मुलाची बाकावरील जागा काही आठवड्यांत रिकामी होते, हे हजेरीपत्रक भरताना मला दिसते. तेव्हा आज मी जुन्या इंजिनाविषयी बोलणार आहे. मी बी. ए. झालो तो इतिहास घेऊन. इंजिनाविषयी बोलण्याचा माझा अधिकार पदवीचा नाही. तो आमच्या घरच्या लाँचेने दिलेला आहे.

सन २०१३ च्या ऑक्टोबरातील गोष्ट. मी त्या वेळी बी. एड. करीत होतो. आमच्या लाँचेवर सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. अब्बांनी ते १९९८ साली जुनेच विकत घेतले होते, म्हणजे त्याचे खरे वय आम्हालाही ठाऊक नव्हते. हंगाम सुरू झाल्यापासून ते सकाळी लवकर पेटेना, पेटले की पांढरा धूर सोडी, आणि जाळे ओढताना दम टाकी. एके दिवशी मासळी घेऊन परतताना, ऐन खाडीच्या तोंडाशी, ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना आणि लाटा फुटत असताना ते बंद पडले. माझ्या थोरल्या भावाने इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने आधी नांगर टाकला. नांगराने जमीन धरली, लाँच खडकापासून दूर राहिली आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या लाँचेने दोर देऊन आम्हाला आत आणले. विद्यार्थी मित्रांनो, हे आधी लक्षात घ्या. किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडले तर प्रथम नांगर, मग हत्यारांची पेटी.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. त्याने दोन वेळा स्टार्टर मारला, धूर पाहिला आणि निकाल दिला: बोअर-पिस्टन खलास, पूर्ण ओव्हरहॉल करावे लागेल, खर्च एक लाख ऐंशी हजार. आमच्या घरी तेव्हा एक लाख दहा हजार रुपये होते. ते धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले होते. अब्बा रात्रभर बोलले नाहीत. सकाळी ते एवढेच म्हणाले की, लाँच चालली तर पुढल्या वर्षी प्रवेश घेता येईल. पुढल्या वर्षी म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते. त्यांनी उभे आयुष्य परदेशी जहाजांच्या इंजिन खात्यात घालवले होते. आपल्या कोकणातील कित्येक घरांतून अशी माणसे होती आणि आहेत, पण निवृत्त होऊन ती ओट्यावर बसली की त्यांना कोणी काही विचारीत नाही. अम्मीच्या सांगण्यावरून मी त्यांना बोलावून आणले. त्यांनी हत्यार मागितले नाही. फळीवर बसून त्यांनी भावाला प्रश्न विचारावयास सुरुवात केली. इंजिन एकदम बंद पडले की खालीवर होत होत? धूर पेटवतानाच येतो की चालू असतानाही? तेल किती दिवसांनी घालावे लागते? बंद पडल्यानंतर पुन्हा चालू झाले का, आणि कशाने? आणि शेवटचा प्रश्न, जो मला त्या वेळी अगदी अप्रस्तुत वाटला: त्या दिवशी टाकीत डिझेल किती होते?

हे प्रश्न त्यांनी का विचारले ते समजण्यासाठी डिझेल इंजिन चालते कसे हे थोडक्यात पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हे यंत्र १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखविले. (हा माणूस पुढे १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरूनच नाहीसा झाला, पण ती कथा इतिहासाच्या तासाला.) त्याच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पुरेशी हवा, ती घट्ट कोंडून धरणारे सिलिंडर, आणि योग्य वेळी योग्य मापाने उडणारे स्वच्छ डिझेल. इंजिन कितीही जुने झाले तरी बिघाड या तिन्हींपैकी कोठेतरीच असतो. यांतील डिझेलची बाजू तपासण्यास जवळजवळ खर्च येत नाही, हवेची तपासण्यास थोडा येतो, आणि सिलिंडर उघडण्यास लाख रुपये लागतात. आपण मात्र बहुधा सुरुवात लाख रुपयांपासून करतो!

आता आमच्या इंजिनाकडे वळू. बोअर गेलेले इंजिन तेल पिते आणि निळसर धूर सोडते. आमचे तेल फारसे उतरत नव्हते आणि धूर निळा नव्हता. चाचांनी इंजिन चालू करवून तेल घालण्याच्या तोंडाचे झाकण काढले. रिंगा झिजल्या असतील तर सिलिंडरातील वायू खाली उतरून त्या तोंडातून भकाभक धूर मारतो. तेथून थोडी वाफ येत होती, इतकेच. तेल-पट्टी काढून तेलाचा रंग पाहिला. ते दुधासारखे झाले असते तर पाणी तेलात शिरले, म्हणजे हेडचे गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला, असे समजावयाचे. तसेही नव्हते. दहा मिनिटांत, एक पैसा न खर्चता, फिटरचा निकाल संशयास्पद ठरला.

मग टाकीचा प्रश्न. भावाने आठवून आठवून सांगितले की, इंजिन जेव्हा जेव्हा बंद पडले तेव्हा टाकी पाव भागाच्या आसपास होती आणि बंद पडण्यापूर्वी ते खालीवर होत होते. हात-पंप मारून एअर काढली की पुन्हा चालू होई. चाचांनी फिल्टर आणि फ्युएल पंप यांच्या मधल्या, कमी दाबाच्या जोडावर हातभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन चालू करून जोर दिला तर नळीतून मोत्यांसारखे बुडबुडे जाताना आम्ही सर्वांनी पाहिले. टाकी भरलेली असताना डिझेल सहज येते. पातळी खाली गेली की पंपाला ते ओढून घ्यावे लागते, आणि ओढताना वाटेत कोठे फट असेल तर डिझेलऐवजी हवा आत शिरते. अशा ठिकाणी बाहेर डिझेल गळत नाही, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. टाकीपासून बोट फिरवीत आम्ही निघालो. एका लाकडी वाकाला घासून रबरी होज क्लिपच्या खालीच झिजली होती. नवीन होज, दोन क्लिपा आणि तांब्याचे चार वॉशर यांना साडेचारशे रुपये पडले. तांब्याचे जुने वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ होऊन पुन्हा बसतात. पण नवे मिळत असतील तर तेवढी काटकसर करू नये असे माझे मत आहे.

येथेच गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. इंजिन बंद पडणे थांबले, परंतु सकाळचा पांढरा धूर आणि दम टाकणे राहिलेच. जुन्या इंजिनाचे हेच कठीण असते. त्याला एक मोठा आजार क्वचितच असतो. तीन-चार लहान आजार एकत्र राहतात आणि मिळून एका मोठ्या आजाराचे सोंग घेतात.

दुसऱ्या दिवशी चाचांनी एकेक सिलिंडर तपासले. ही तपासणी लाँचवाल्यांच्या प्रत्येक मुलाने शिकून घ्यावी. इंजिन हळू चालू ठेवावयाचे आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाईपचा नट एका वेळी एकच, अर्धा फेरा सैल करावयाचा. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. ते काम करीत असेल तर इंजिनाचा आवाज लगेच लंगडा होतो. आवाजात काही फरक पडला नाही तर तेच सिलिंडर फुकटचे बसून आहे. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. या पाईपातील दाब शेकडो वातावरणांचा असतो. त्याची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि त्याने बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून नटावर जाड फडका ठेवावा, तोंड बाजूला घ्यावे, आणि गळती हाताने कधीही चाचपू नये. पहिल्यांदा हे जाणत्या माणसासमोरच करावे.

आमचे चौथे सिलिंडर अगदी गप्प होते आणि पाचवे अर्धवट. चाचांनी चौथ्याचा इंजेक्टर काढून दुसऱ्यात घातला आणि दुसऱ्याचा चौथ्यात. आता दुसरे गप्प झाले आणि चौथे बोलू लागले. म्हणजे दोष इंजेक्टरबरोबर चालत गेला; सिलिंडर निर्दोष! तोच प्रयोग पाचव्याचा केला तर दोष जागेवरच राहिला, म्हणजे तेथे इंजेक्टर निर्दोष. प्रयोगशाळेत मुलांना आपण जे शिकवितो, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि काय होते ते पाहावयाचे, ते मी माझ्या डोळ्यांनी प्रथम लाँचेच्या पोटात पाहिले. सगळे इंजेक्टर एकदम बदलले असते तर इंजिन कदाचित सुधारलेही असते, पण का सुधारले हे कळले नसते.

वाईट इंजेक्टर शहरात नेऊन टेस्ट बेंचवर लावला. चांगला इंजेक्टर धुक्यासारखा फवारा मारतो आणि टोक कोरडे राहते. आमच्याच्या टोकाला थेंब लोंबत होता. असे थेंब नीट जळत नाहीत. थंड इंजिनात त्यांचाच पांढरा धूर होतो. नोझल बदलले आणि सहाही इंजेक्टरांचा दाब इंजिनाच्या पुस्तकातील आकड्यावर आणला.

राहिले पाचवे. त्याच्या टॅपेटमध्ये फट उरली नव्हती. व्हॉल्व्ह तापला की लांबतो; त्याला लांबण्यास जागा नसेल तर तो आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाही, कोंडलेली हवा निसटते, आणि असेच चालविले तर व्हॉल्व्ह जळतो. फट जास्त झाली तर टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह उशिरा व कमी उघडतो. म्हणून फीलर गेजच्या पत्तीने ही फट मापतात. बारा थाऊ, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर, असे माप आमच्या इंजिनाला होते. आपल्या इंजिनाचे माप, आणि ते थंड असताना घ्यावयाचे की गरम, हे त्याच्याच पुस्तकातून घ्यावे. शेजाऱ्याच्या इंजिनाचे घेऊ नये.

कोणत्या सिलिंडरचे टॅपेट केव्हा लावावे, याची युक्ती चाचांनी सांगितली ती गणिताच्या शिक्षकांनाही आवडेल. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात पेटण्याचा क्रम बहुधा १-५-३-६-२-४ असा असतो. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह, एक मिटताना आणि दुसरा उघडताना, झुलत असतील तेव्हा पहिल्याचे दोन्ही पूर्ण मोकळे असतात. त्या वेळी पहिल्याची फट लावावयाची. पहिले झुलले की सहाव्याची. तसेच दोन आणि पाच, तीन आणि चार. ज्यांची बेरीज सात होते ती जोडी! माझी बहीण तेव्हा बारावी शास्त्र शाखेत होती. हे तिच्या एका क्षणात ध्यानात आले. आम्हा दोघा भावांना दोनदा समजावून घ्यावे लागले.

तिनेच त्या दिवशी एक वही सुरू केली. पहिल्या पानावर इंजिनाचा नंबर, टॅपेटची मापे, इंजेक्टरचा दाब, फिल्टर आणि पट्ट्यांचे नंबर. पुढे दर फेरीची ओळ: किती तास चालले, किती डिझेल, किती तेल घातले, पाण्याचे तापमान, धुराचा रंग, काय बदलले. मार्चपर्यंत लाँच एकही फेरी न चुकवता चालली. इंजेक्टर, होज, फिल्टर, तेल मिळून सगळा खर्च अकरा हजारांच्या आत राहिला. २०१४ साली बहिणीने नर्सिंगला प्रवेश घेतला.

धुराबद्दल एक-दोन गोष्टी राहिल्या. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर पाहा, आणि तो स्वच्छ असेल तर लाँचेच्या खाली पाहा. तळाला शेवाळ आणि शिंपल्या चिकटल्या असतील, पंख्याला जाळ्याचा दोर गुंडाळला असेल किंवा पंख्याचे पाते वाकले असेल, तर बिचाऱ्या इंजिनाला बैलगाडीत दुप्पट माल भरल्यासारखे होते आणि ते काळा धूर टाकते. दोष इंजिनात नसतोच. अशा वेळी फ्युएल पंपाचे सील तोडून स्क्रू फिरविण्याची जी सवय आपल्या बंदरांतून दिसते, ती मला अगदी घातक वाटते. चार दिवस वेग वाढल्यासारखा वाटतो. मग डिझेल वाढते, उष्णता वाढते, आणि जे इंजिन पाच वर्षे चालले असते ते दोन हंगामांत बसते. पंपाचे सील हे बेंच असलेल्या माणसाच्याच हातचे काम आहे.

इंजिन तापण्याचेही तसेच. समुद्राचे पाणी आत ओढणाऱ्या जाळीत हल्ली बहुधा प्लॅस्टिकची पिशवी सापडते. ती नसेल तर पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर काढून पाहावा. त्याची पाती तुटली असतील तर नवा घालून गप्प बसू नये. तुटलेले तुकडे मोजून शोधावेत, कारण ते पुढे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन अडकतात. पाणी संपून लालबुंद तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. हेड तडकते. बंद करावे, थंड होऊ द्यावे, मगच झाकण उघडावे.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ असतो. ट्यूनिंग करावे ते या दिवसांत, नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री नव्हे. लाँच वर ओढताना टाकी रिकामी ठेवू नये. रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. हंगामापूर्वी तळाच्या नळातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. पाणी असेल तर खाली स्वच्छ थर दिसतो. जळके तेल पावसाळाभर इंजिनात ठेवू नये, त्यातील आम्ल बेअरिंग खाते. लाँच वर घेतानाच बदलावे. कपलिंगची सरळ रेषा मात्र लाँच पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनीच तपासावी, कारण जमिनीवर टेकलेली लाँच आणि तरंगणारी लाँच यांचा आकार किंचित बदलतो.

इंजिनाचे पुढे काय झाले, असे काही जण विचारतील. ते अमर झाले नाही. २०१८ च्या हंगामात वहीतील तेलाचा आकडा वाढू लागला. आधी फेरीला अर्धा लिटर, मग एक, मग दोन. धूर निळा झाला, तेलाच्या तोंडातून भपकारे येऊ लागले. आता खरोखरच बोअर गेला होता. पण या वेळी तो आम्हाला सात-आठ महिने आधी कळला होता. पैसे जमवून २०१९ च्या बंदीच्या काळात आम्ही लायनर-पिस्टन बदलले, आणि तीन ठिकाणचे दर विचारून बदलले. २०१३ साली ज्या फिटरने निकाल दिला होता, त्यानेच ते काम केले आणि चांगले केले. तो माणूस वाईट नव्हता. त्याला घाई होती आणि आम्ही त्याला काही सांगू शकत नव्हतो.

पालकांना एक विनंती आहे. दहावीनंतर मुलगा लाँचेवरच जाणार असे ठरले असेल, तर त्याला नुसता खलाशी म्हणून पाठवू नका. रत्नागिरीस मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रशिक्षण केंद्र आहे; तेथे नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभाल शिकवितात. आय. टी. आय. मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारची कोचीन येथील संस्था, सिफनेट, मरीन फिटर तयार करते. प्रवेशाच्या अटी आणि तारखा बदलत असतात. शाळेच्या कार्यालयात चौकशी केलीत तर आम्ही माहिती मिळवून देऊ. आणि मुलींना यातले काय कळणार, असे कोणी म्हणाले तर आमच्या घरची वही दाखवावयास मी तयार आहे.

चाचा २०१६ साली वारले. त्यांची ती पारदर्शक नळी आणि फीलर गेज आता माझ्याकडे आहे. बंदीच्या काळात रविवारी मी घरी असतो. कोणाला पाहिजे असेल तर येऊन न्यावे, आणि काम झाले की परत आणून द्यावे.